बिल्ड फोल्डरमधला आवाज

मित्रांनो, तुम्ही रोज ज्या प्रोग्रॅमची बटणे दाबता, त्यांत मी कुठेच दिसत नाही. घर बांधून झाले की त्याचा नकाशा कुणी बैठकीत टांगत नाही, तसेच आहे हे. मी एक जुनी बिल्ड फाइल, साध्या मजकुराची. माझ्यात चित्र नाही, रंग नाही, आवाज तर नाहीच. आणि आज मला सांगायचे आहे ते एका आवाजाबद्दलच.

आधी माझे काम सांगते, म्हणजे पुढचे ऐकताना कोडे पडणार नाही. प्रोग्रॅम म्हणजे पुष्कळ लहान लहान फाइली. कोणती कुणाला जोडायची, कुणाचे कुणावाचून अडते, कुणाला सोबत काय लागते, हा सगळा हिशेब माझ्यात लिहिलेला असतो. एक साधन मला वाचते. मी त्याला मुकादम म्हणते. तो स्वतः एक वीट उचलत नाही. पण समोर कोणता गवंडी उभा आहे हे बघून त्याला कळेल अशा भाषेत काम लावून देतो. प्रोग्रॅम लिहिणारे ज्या खिडकीत बसून लिहितात तिला आयडीई म्हणतात. कुणाची आयडीई एक, कुणाची दुसरी. संगणकही निरनिराळ्या जातींचे. मुकादम माझ्यावरून ज्याला त्याला त्याच्या आयडीईचा प्रोजेक्ट तयार करून देतो. तो प्रोजेक्ट आणि त्यातून बांधला जाणारा प्रोग्रॅम, दोन्ही एका वेगळ्या फोल्डरात पडतात. तो बिल्ड फोल्डर. त्याचा नियम एकच आहे: आत जे आहे ते सगळे पुन्हा बनवता येते, म्हणून तो केव्हाही खुशाल पुसावा.

हा नियम लक्षात ठेवा. ज्यांनी तो केला, तेच विसरले.

माझा जन्म एका भांडणातून झाला. घराच्या मागच्या खोलीत दोन टेबले होती, एकमेकांकडे पाठ केलेली. एका टेबलाशी भाऊ बसायचा, दुसऱ्याशी धाकटी बहीण. ती त्याला दादा म्हणायची. राग आला की अडगळ म्हणायची, कारण त्याच्या टेबलावर तुटलेल्या हेडफोनपासून संपलेल्या पेनांपर्यंत सगळे सुखाने नांदत असे. तो तिला केरसुणी म्हणायचा. तिला पुसायला फार आवडायचे. काहीही अडले की ती आधी बिल्ड फोल्डर पुसून टाकी आणि नव्याने सुरुवात करी. दोघांचा मिळून लहानसा धंदा होता. दंतवैद्याच्या बाहेर बसलेल्या लोकांना पुढचा नंबर कुणाचा ते दाखवणारा प्रोग्रॅम ते बनवत. दाढ ठणकत असताना माणसे तो पडदा किती भक्तिभावाने बघतात हे पाहिले असते, तर तुम्हालाही धंद्याची खात्री पटली असती.

पण दोघांचे संगणक दोन जातींचे. त्याने नवी फाइल घातली की तिच्या प्रोजेक्टला पत्ता नसे.

"दादा, माझ्याकडे बिल्ड होत नाहीये."

"माझ्याकडे होतंय."

"मग गिऱ्हाइकाला आणून तुझ्या मांडीवर बसवू का?"

त्याच दिवशी तिने मला लिहिले. दोघांसाठी एकच फाइल. मुकादमाने मला वाचले, तिला तिचा प्रोजेक्ट दिला, त्याला त्याचा दिला आणि दोन्हीकडे प्रोग्रॅम एका फटक्यात उभा राहिला. त्यांचा एक जुना प्राध्यापक चहाला आला होता. त्याने मला वरपासून खालपर्यंत वाचले आणि म्हणाला, "फाइल कशी असावी, तर अशी." मित्रांनो, मी मजकूर असले तरी मला त्या दिवशी जरा फुगल्यासारखे झाले. तसे कौतुक पुन्हा कुणी केले नाही. जे चालते आहे ते कुणी उघडून बघत नाही.

दादाला मात्र माझी कटकट वाटे. नवीन काही घालायचे तर माझ्यात ओळ लिहावी लागे; त्यापेक्षा आयडीईत माउसने दोन ठिकाणी टिचकी मारणे सोपे. तो तसेच करी. मग कधीतरी मुकादम माझ्यावरून प्रोजेक्ट पुन्हा तयार करी आणि दादाच्या टिचक्या वाहून जात.

"ही फाइल माझ्या वाईटावर आहे," तो म्हणायचा.

"तिला तू सांगितलंस का? नाही ना? मग तिला स्वप्न पडणार आहे का?" बहीण म्हणायची.

तो हसायचा आणि पुन्हा तेच करायचा. नुकसान लहान असले की माणसाला त्याचा राग येतो, अक्कल येत नाही.

आता आईबद्दल. आई बसस्थानकावर घोषणा करायची. कोणती गाडी कुठे लागली, कोणती उशिराने येणार, कुणाचे मूल चौकशीच्या खिडकीशी रडत उभे आहे. तिच्या आवाजात घाई नसे, तरी माणसे धावत. ती निवृत्त झाली तेव्हा तिच्या जागी यंत्र आले, त्यात एका अनोळखी बाईचा आवाज. आईने स्थानकावर जाऊन तो मुद्दाम ऐकला. घरी येऊन म्हणाली, "उच्चार स्वच्छ आहेत हो तिचे. पण तिला स्वतःला कुठे जायचंच नाहीये."

मग आईचा घसा बसला, आणि बसलेला उठेना. पुष्कळ तपासण्यांनंतर शल्यवैद्याने सांगितले की स्वरयंत्र काढावे लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. अजून काही आठवडे हातात होते.

त्या दिवशी मागच्या खोलीत कुणी दिवा लावला नाही. दादा खुर्चीत बसून होता. बहीण उभीच होती. मग दारातून आई म्हणाली, "अरे, नंबर बोलणारे प्रोग्रॅम करता ना दुनियेचे? मग माझाही करा. मी सगळे शब्द बोलून ठेवते. मागाहून मी बटण दाबीन आणि मीच बोलीन. स्थानकावर वेगळं काय चालायचं?"

हे इतक्या सरळपणे म्हटले गेले की दोघांना रडायलाही फुरसत मिळाली नाही.

माझ्या आयुष्यातले सर्वांत महत्त्वाचे काम तेव्हा सुरू झाले. खोलीत आवाज घुमू नये म्हणून कपड्यांचे कपाट सताड उघडून आई त्याच्यासमोर बसे. समोर चादरी, कोट आणि स्वेटर, हातात माइक. पहिल्या दिवशी माइक तपासण्यासाठी बहिणीने काही वाक्ये घेतली. तयारी नसताना आई जे सहज बोलली तेच. त्यात पंख्याची घरघर आली म्हणून ती वाक्ये कामाची ठरली नाहीत. तरी चाचणीला उपयोगी पडतील म्हणून बहिणीने ती चाचणीच्या फोल्डरात ठेवली आणि माझ्यात ओळ लिहिली: बिल्ड करताना ही सोबत न्यावीत. मी ती नोंद घेतली आणि विसरले. विसरले म्हणजे रोज पाळत राहिले.

मग खरे रेकॉर्डिंग. नातेवाइकांची नावे, भाज्यांची नावे, दुखण्याची नावे. "हो", "नाही", "असू दे", "जरा थांब". घसा बसलेलाच, तरी आई एकच शब्द तीन तऱ्हांनी बोलायची.

"तीनदा कशाला, आई?" दादाने विचारले.

"तुझ्या बापाला 'हो' म्हणायची एक रीत होती, तुला वेगळी, भाजीवाल्याला वेगळी. एकच 'हो' घेऊन मी काय करू?"

बसस्थानकावर ती नेहमी थेट माइकवर बोललेली. तिथे तिचा आवाज कुणी जपून ठेवला नव्हता. घरच्या समारंभांचे व्हिडिओ काढणारी तीच, त्यामुळे तिच्या आवाजात वारा, गर्दी आणि "हलू नका रे" एवढेच. म्हणून कपाटासमोरचा हा आवाजच तेवढा धड होता. माइकला जोडलेल्या रेकॉर्डरमध्ये जागा थोडी. रोज तो रिकामा करून दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायचा. आतला ऐवज दादा आपल्या संगणकावर घ्यायचा.

कुठे घ्यायचा?

तयार झालेला प्रोग्रॅम आवाजाच्या फाइली आपल्या शेजारीच शोधत असे. म्हणजे बिल्ड फोल्डरात. खरी रीत अशी, की आवाज मूळ फाइलींच्या बाजूला, स्वतंत्र फोल्डरात ठेवायचा आणि तिथून सोबत न्यायला मला सांगायचे. दादाने पहिल्या दिवशी घाईत आवाज थेट बिल्ड फोल्डरात टाकला. बटण दाबले. आई बोलली. त्याचे डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांनी माणूस फोल्डर बघत नाही. माझ्यात त्याने एवढीच टीप लिहिली: "आईच्या आवाजाचे इथे नंतर लिहायचे आहे." मुकादम टिपा वाचत नाही, मित्रांनो. टिपा माणसांसाठी असतात, आणि माणसेही त्या वाचत नाहीत.

"आवाज कुठे ठेवलायस रे?" एकदा बहिणीने विचारले.

"आहे. प्रोग्रॅमला सापडतोय ना?"

"मला कॉपी दे की."

"सगळं होऊ दे, एकदम देतो. रोज रोज तुकडे काय द्यायचे."

दोघांचे काम एकमेकांकडे पोहोचवणारी जी सामाईक जागा होती, तिला बिल्ड फोल्डर बघायचाच नाही असे आधीच सांगून ठेवलेले; कचरा कोण जपून ठेवतो? त्यामुळे आईचे सारे बोलणे एकाच संगणकावर, एकाच फोल्डरात राहिले. तेही पुसण्यासाठीच असलेल्या.

शस्त्रक्रिया झाली. बरी झाली. दादा रुग्णालयात होता, बहीण घरी. आईच्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम चढवून तो घेऊन जायचा, एवढेच उरले होते. आईचा लॅपटॉप दादाच्या संगणकाच्या जातीचा, म्हणून बहीण दादाच्या टेबलाशी बसली. आधी तिने संपलेली पेने बाजूला सारली. मग बिल्डचे बटण दाबले. लाल अक्षरांची रांग आली. मधल्या दिवसांत दादाची आयडीई आपणहून नवी झाली होती आणि जुन्या आयडीईसाठी बनलेला प्रोजेक्ट तिला ओळखीचा वाटत नव्हता.

बहिणीने फोन लावून टेबलावर ठेवला.

"दादा, बिल्ड होत नाहीये. जुना प्रोजेक्ट घेत नाहीये तुझी आयडीई."

पलीकडे ट्रॉलीची खडखड ऐकू येत होती. "आई जागी झालीये अगं. पाटीवर लिहितेय, 'आणलं का?' म्हणून. लवकर कर."

"करतेय ना. काय करू पण?"

"काय करू काय? बिल्ड फोल्डर उडव आणि पुन्हा जनरेट कर. नेहमी मला न विचारता उडवतेस, आजच बरी परवानगी मागायला सुचली!"

"तुझं टेबल आहे म्हणून विचारलं."

"उडव, उडव."

तिने उडवला. संगणकाला थेट हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत एक ओळ लिहून. तिथून गेलेले कचऱ्याच्या डब्यातही सापडत नाही. मग मुकादमाला बोलावले. त्याने मला वाचले, नव्या आयडीईसाठी नवाकोरा प्रोजेक्ट दिला आणि प्रोग्रॅम बांधला. एकही लाल ओळ नाही. मी माझे काम इतके चोख कधी केले नव्हते.

"झालं!" ती ओरडली. फोनमधून दादा हसला. "आईला ऐकव. फोनवरच ऐकव. तिच्या कानाशी धरतो."

बहिणीने "हो" लिहून बटण दाबले.

काहीच नाही. पडद्यावर ओळ आली: आवाज सापडला नाही.

तिने "असू दे" लिहिले. तेच. स्वतःचे नाव लिहिले. तेच.

"दादा," ती हळू आवाजात म्हणाली, "आईचा आवाज तू कुठल्या फोल्डरात ठेवला होतास?"

ट्रॉली लांब गेली. मग दादाचा आवाज आला, तोही त्याचा वाटत नव्हता. "फोन ठेव. मी बाहेर येऊन करतो."

डिस्क दुरुस्त करणारा माणूस आला. त्याने संगणक उघडला, आपली यंत्रे लावली, डोके हलवले. "पुसल्यावर लगेच बंद केला असता तर पुष्कळ मिळालं असतं. तुम्ही त्याच जागेवर पुन्हा बांधलंत." तुकडे मिळाले. अर्धा श्वास, एखादे "हो"चे शेपूट, बाकी खरखर. तीन तऱ्हांच्या "हो"पैकी कुठल्या तऱ्हेचे ते शेपूट, हे दोघांनाही सांगता येईना.

"पुसलंस तू," दादा म्हणाला.

"सांगितलंस तू."

"मला कॉपी दे म्हणून हट्ट धरायचा होतास!"

"मागितली होती मी. आता हट्टही मीच धरायचा होता का?"

मग दोघेही थांबले. पुढचे जे तोंडावर आले होते ते बोलले असते, तर ती दोन टेबले एका खोलीत राहिली नसती.

आई घरी आली. गळ्याला पट्टी, हातात मुलांची असते तशी पांढरी पाटी. आल्या आल्या तिने लिहिले, "लॅपटॉपात बोलणारी माझी बाई कुठे आहे?"

"थोडं काम राहिलंय, आई," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्याने आयडीईवर ढकलले, मग वायरीवर. खोटे बोलायला एवढी हुशारी लागते हे मला त्या आठवड्यात कळले. आणि घोषणा करण्यात आयुष्य गेलेल्या बाईला गाडी उशिराने येतेय की रद्दच झालीय, हे कळायला काहीच लागत नाही. एके दुपारी ती मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. पाटी कोरी. नुसती बघत राहिली.

दादाने मान खाली घातली. बहीण उठली.

"आई, तुझा आवाज गेला. म्हणजे आम्ही घालवला. त्याने तो नको तिथे ठेवला आणि मी पुसला. परत येत नाही. सगळं करून बघितलं."

आईने पेन उघडले. पाटीवर टेकवले. एक ठिपका उमटला. मग तिने तो ठिपका तळहाताने पुसला, पाटी दादाच्या टेबलावर ठेवली आणि निघून गेली. तिच्या खोलीचे दार बंद झाले. आपटले असते तर बरे, असे बहिणीच्या चेहऱ्यावर दिसत होते.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आई कुणाशी काही बोलली नाही. बोलली नाही म्हणजे लिहिले नाही. पाटी टेबलावरच पडून. दादाने त्या दोन दिवसांत टेबल आवरले. कुणी सांगितले नव्हते.

मग ती आली. पाटी उचलून लिहिले, "काहीच नाही?"

तेव्हा बहिणीला माझ्यातली जुनी ओळ आठवली. चाचणीचा फोल्डर. नव्या बिल्डमध्येही मी तो इमाने सोबत नेला होता. त्याच्याकडे कुणी पाहिलेच नव्हते. तिने एकेक वाक्य लावले. आधी पंख्याची घरघर. मग त्या घरघरीतून:

"हॅलो, हॅलो. ऐकू येतंय का?"

"अरे, आधी तो पंखा बंद कर."

"कोण आहे? दार उघडंच आहे."

"बोलू? काय बोलू? तुम्ही समोर बसलात की काही सुचत नाही."

आणि एक हसणे. वाक्य नव्हे, नुसते हसणे.

आई ऐकत उभी राहिली. तिने गळ्याच्या पट्टीवर हात ठेवला होता. सगळे संपल्यावर तिने लिहिले, "बाई फार चिडकी आहे." आणि त्याखाली, "पंखा पुन्हा लाव."

ते वाक्य तिने किती वेळा ऐकले ते मी मोजले नाही.

मित्रांनो, यानंतर सगळे गोड झाले असे मी सांगणार नाही. दादाने माझ्यातली "नंतर लिहायचे आहे" ही टीप खोडली आणि तिथे प्रथमच माउस न वापरता, स्वतःच्या हाताने ओळ लिहिली. त्या उरलेल्या वाक्यांना स्वतःचा फोल्डर मिळाला. त्यांच्या प्रती बहिणीकडे आहेत, मावशीकडे आहेत, दंतवैद्याच्या तिजोरीतही आहेत. पाच-सात फुटकळ वाक्यांचा एवढा बंदोबस्त कुणी केला नसेल. बाकी सगळे बोलायला आईला बाजारात मिळतो तो तयार आवाज घ्यावा लागला. बसस्थानकावर आहे तोच. जी बाई तिच्या खुर्चीत जाऊन बसली, तिच्याच तोंडाने आता ती औषध मागते. पहिल्यांदा तो आवाज घरात घुमला तेव्हा दादा उठून बाहेर गेला. आई मात्र टाइप करत राहिली. करणार काय?

मी आता म्हातारी झाले आहे. माझ्यात इतक्या ओळी खोडल्या आणि घातल्या गेल्या आहेत की प्राध्यापकाने मला ओळखले नसते. पण मला जपा असे मी तुम्हाला सांगणार नाही. मी मजकूर आहे. मी हरवले तर बहीण मला चार दिवसांत पुन्हा लिहील, कदाचित आधीपेक्षा बरी. माझे मागणे दुसरे आहे. पुन्हा बनवता येते ते आणि पुन्हा बनवता येत नाही ते, एका जागी ठेवू नका. आणि कुणाचा आवाज कुठे ठेवलाय असे कुणी विचारले, तर "आहे" म्हणून मोकळे होऊ नका, उठून दाखवा.

काल दुपारचीच गोष्ट. बाहेर थंडी, खिडक्या लावलेल्या, पंखा कितीतरी दिवसांत कुणी लावलेला नाही. दादा आपल्या टेबलाशी, आई त्याच्या मागे आरामखुर्चीत, मांडीवर लॅपटॉप. तिने तयार आवाजाचे बटण दाबले नाही. दुसरे दाबले.

"अरे, आधी तो पंखा बंद कर."

दादा हातातले काम टाकून उठला. बटणापाशी गेला. पंखा बंदच होता. त्याने तरीही बटणावर हात ठेवला, ते बंद आहे ना ते बघितले आणि वळला. आईने नजरेने दाखवले: पाण्याचा पेला तिच्या हाताला पोचत नव्हता. त्याने तो उचलून तिला दिला.